चांचणीच्या कागदावरील सही

खाप्यांतील आमच्या घरोब्याच्या एका कुटुंबांत गतवर्षीं अमेरिकेंतील मुलाकडून बावीस पानांचें इंग्रजी संमतिपत्र आलें. वहिनींच्या रक्ताच्या कर्करोगावर तिकडे नव्या औषधाची चांचणी चालू होती व परदेशीय रुग्णहि घेत होते. कागद वाचून अर्थ सांगण्याचें काम अर्थातच मज मास्तराकडे आलें. अट एकच, आजाराचें नांव वहिनींच्या कानीं पडूं नये. दोन वर्षें त्या घरांत ‘अशक्तपणा’ हाच शब्द चालत होता.

आणि तेथेंच सारें अडलें. कारण चांचणी म्हणजे उपचार नव्हे. पहिल्या टप्प्यांत औषध किती प्रमाणांत सोसवतें तें पाहतात. तिसऱ्यांत बहुधा नवें औषध व प्रचलित उपचार यांची तुलना होते, आणि रुग्ण कोणत्या गटांत पडावा हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें, डॉक्टरांच्या मर्जीनें नव्हे. सातासमुद्रांपलीकडे जाऊन येथलाच उपचार वांट्यास यावा, असेंहि घडूं शकतें. म्हणूनच १९६४ सालच्या हेलसिंकी घोषणेपासून रुग्णाची स्वतःची, समजून उमजून दिलेली संमति आवश्यक मानिली आहे. शुद्धीवरील प्रौढ रुग्णाऐवजीं पतीची वा ज्येष्ठ पुत्राची सही चालत नाहीं.

पैशासंबंधींहि भ्रम फार. बेथेस्डा येथील, १९५३ सालीं उघडलेल्या सरकारी संशोधन-रुग्णालयांत उपचाराचें मूल्य घेत नाहींत. इतरत्र नवें औषध पुष्कळदां फुकट असतें; पण नेहमींच्या तपासण्यांचा आकार रुग्णाच्या विम्यावर पडतो, आणि परदेशीयाजवळ तो विमा कोठला? शिवाय विमान, सोबतीचें माणूस, महिनोन्‌महिन्यांचें बिऱ्हाड.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं याच रोगानें विलायतेंत वारल्या. ऐश्वर्य होतें, पण रोग हटविणारें औषधच जगांत नव्हतें. त्यांच्या नांवें १९३२ सालीं निघालेला न्यास या रोगाच्या संशोधनास देशोदेशीं साह्य करितो. १९४१ सालीं परळचें टाटा रुग्णालय उघडलें; त्या रुग्णालयाच्या व मुंबईच्या आय. आय. टी.च्या सहकार्यानें, रुग्णाच्याच पेशी घेऊन करावयाचा एक उपचार सिद्ध झाला, व रक्ताच्या कांहीं कर्करोगांसाठीं २०२३ सालीं त्यास सरकारी मान्यताहि मिळाली. भारतांतील चांचण्यांची नोंदवही २००७ पासून कोणासहि पाहतां येते. ती न चाळतां पासपोर्टासाठीं धांवणें मला तरी उफराटें वाटतें.

असो. वाचीन तर वहिनींसमोरच, असें मीं घरच्यांस स्पष्ट सांगितलें. थोरले दोन दिवस बोलले नाहींत. मग बोलावणें आलें. रोगाचें नांव उच्चारतांना माझाच आवाज बसला. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तें मी नागपूरच्या दवाखान्याच्या पाटीवर केव्हांच वाचलें होतें. तुम्हां सगळ्यांना वाईट वाटेल, म्हणून बोललें नाहीं.”

तीन संध्याकाळीं वाचन चाललें. शेवटीं त्यांनीं दोनच प्रश्न केले : मध्येंच परत यावेंसें वाटलें तर येतां येईल ना? आणि सोबत कोण येणार? पहिल्याचें उत्तर कागदांत होतें. दुसऱ्याचें घरांत कोणाजवळहि नव्हतें. कागद सहीवांचून मुलाकडे परत गेले. नागपूरच्या फेऱ्या चालू आहेत. आतां तपासणीच्या खोलींत वहिनी स्वतः जातात आणि डॉक्टरांस स्वतःच विचारतात.