किती टक्के, डॉक्टर?

लेखमाला : धमनीपासून शिरेपर्यंत – लेखांक ११

ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी आपल्याकडचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : "किती टक्के चान्स आहे, डॉक्टर?" मोतीबिंदू असो की अपेंडिक्स, प्रश्न तोच. एरवी डॉक्टर थोडं मोघम बोलतात आणि तेवढ्यावर भागतंही. महाधमनी आतून फाटलेली असते तेव्हा मात्र भागत नाही. विचार करायला तासभरही हातात नसतो, निर्णय घेणारा मुलगा बहुधा मुंबईहून फोनवर असतो, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो माणूस कदाचित थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत आलेला असतो.

गेल्या आठवड्यात आपण महाधमनीची भिंत पाहिली. केळीच्या खांबाची सोपं एकात एक बसलेली असतात, तसे तिचे तीन थर. आतल्या थराला चीर पडली की रक्त दाबाने मधल्या थरात घुसतं आणि सोपं सुटावीत तसे थर सुटत जातात. रक्ताला दोन वाटा होतात, एक खरी आणि एक खोटी. याला डायसेक्शन म्हणतात. हृदयातून वर चढणाऱ्या भागात ते असेल तर 'टाइप ए'. तिथे तातडीने छाती उघडावी लागते. शरीर थंड करून, काही काळ रक्ताभिसरण थांबवून, फाटका भाग कापून त्या जागी डेक्रॉनची, म्हणजे कृत्रिम कापडाची, नळी शिवतात. या ऑपरेशनचा धोका आधी सांगता येतो का, आणि सांगता आला तर त्याचा उपयोग काय, हा आजचा विषय.

१९९६ मध्ये या आजाराची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिचा पहिला मोठा अहवाल २००० साली आला : १२ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. त्यांतल्या ७२ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता. टाइप एमध्ये ऑपरेशन झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णालयातच दगावले, ऑपरेशन न झालेल्यांपैकी ५८ टक्के. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून 'ऑपरेशनने धोका निम्म्यावर येतो' असं सांगायचा मोह होतो, तो टाळावा. ज्यांना टेबलावर घेतलं नाही ते बरेचदा फार वयस्क किंवा आधीच हाताबाहेर गेलेले होते. तरी कल स्पष्ट आहे, आणि ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण पुढच्या वर्षांत २० टक्क्यांच्या खाली आलं आहे.

सरासरी झाली, पण नातेवाईकांना सरासरी नको असते, त्यांना त्यांच्या बाबांचा आकडा हवा असतो. त्यासाठी स्कोअर असतात. हृदयशस्त्रक्रियेचे नेहमीचे स्कोअर इथे तोकडे पडतात, कारण ते मुख्यतः बायपास आणि झडपांच्या रुग्णांवर बेतलेले आहेत. म्हणून जर्मन भाषक देशांतल्या सर्जननी याच आजारासाठी स्वतंत्र स्कोअर बांधला. 'गेराडा' हे त्याचं नाव. २००६ ते २०१५ या काळातल्या २,५३७ रुग्णांच्या नोंदींवरून तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. विचारणा साधी आहे. वय किती, स्त्री की पुरुष, आधी हृदयाचं ऑपरेशन झालंय का. बीपी टिकवायला औषधाची ड्रिप लागते आहे का, छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा चालू करावं लागलं का, व्हेंटिलेटर लागला का. एका अंगाला लुळेपणा आलाय का, महाधमनीची झडप गळते आहे का, कुठल्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटलाय. फाट कुठवर गेली आहे आणि मूळ चीर कुठे आहे. एवढं भरलं की ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांत दगावण्याची शक्यता टक्क्यांत मिळते.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. वय, लिंग आणि जुनं ऑपरेशन या गोष्टी रुग्ण घरून घेऊन येतो, त्यांत कुणी काही बदल करू शकत नाही. पण कोसळलेलं बीपी, व्हेंटिलेटर, लुळं पडलेलं अंग, थंड पडलेला पाय हे सगळं दुखणं सुरू झाल्यानंतरच्या तासांत घडू शकतं. स्कोअरमध्ये 'वेळ' नावाचा रकाना नाही, तरी निम्मे रकाने वेळच भरते. माझ्या मते या स्कोअरमधून शिकायची गोष्ट ही आहे, टक्का त्यानंतरचा.

गेराडा ज्या नोंदींवरून बांधला, त्याच जर्मन नोंदवहीतल्या २,१३७ रुग्णांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. एकाही अवयवाचा रक्तपुरवठा तुटला नव्हता त्यांच्यात ३० दिवसांतले मृत्यू १२.६ टक्के होते. एक अवयव गेला असेल तर २१.३, दोन असतील तर ३०.९ आणि तीन असतील तर ४३.४. म्हणजे आतड्याकडे, मेंदूकडे किंवा पायाकडे जाणारी एकेक फांदी बंद पडली की साधारण दहा-दहा टक्क्यांनी पायरी चढते.

आता हे रत्नागिरीच्या नकाशावर मांडू. आपल्याकडे सीटी होतो, निदान होऊ शकतं. २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण महाधमनीचं असं ऑपरेशन रात्री-बेरात्री उभं करणाऱ्या टीम मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत. त्यामुळे बहुतेक वेळा रुग्ण 'घाटावर' हलवावा लागतो, नाहीतर मुंबईला. कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर : हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट. मुंबई साडेतीनशेच्या घरात. समजा, रत्नागिरीत सीटी झाला तेव्हा दोन्ही पाय गरम होते आणि घाट चढून मलकापूर येईतो उजवा पाय थंड पडला. माणूस तोच, वय तेच, पण तो १२.६च्या गटातून २१.३च्या गटात गेला. म्हणून अँब्युलन्समध्ये बसण्याआधी आणि बसल्यावर जे होतं तोही शस्त्रक्रियेचाच भाग मानायला हवा. वेदना शमवणं, नाडी मिनिटाला ६० च्या आसपास आणि वरचं बीपी १०० ते १२० च्या दरम्यान ठेवणं, त्यासाठी बीटा ब्लॉकरचं इंजेक्शन. बीपी आधीच पडलेलं असेल तर अर्थातच गणित वेगळं.

या सगळ्याच्या आधी एक घाट आहे, तो निदानाचा. एकदम उठलेली छातीतली कळ, पाठीत सुरी खुपसल्यासारखी वेदना, दरदरून घाम. घरात पहिलं वाक्य "गॅस धरला असेल" आणि दवाखान्यात पहिला संशय हार्ट अटॅकचा. संशय चुकीचा म्हणता येत नाही, कारण हार्ट अटॅक कितीतरी अधिक आढळतो. शिवाय फाट उजव्या कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या, तोंडाशी पोचली तर ईसीजीदेखील हार्ट अटॅकसारखाच दिसतो. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर फाटक्या महाधमनीत रक्तस्रावाला मोकळं रान मिळतं आणि सर्जनचं काम कितीतरी अवघड होतं. उलट ईसीजी साफ नॉर्मल येऊनही डायसेक्शन असू शकतं. २०००च्या त्या अहवालात ३१ टक्के ईसीजी नॉर्मल होते.

यावर एक बिनखर्ची तपासणी आहे. बीपी दोन्ही हातांचं घ्यायचं. उजव्या हाताला १६० आणि डाव्याला ११० असा फरक दिसला की थांबायचं आणि सीटीचा विचार करायचा. २० च्या वरचा फरक संशयाला पुरेसा आहे. फरक नाही म्हणून आजार नाही असं मात्र समजू नये. सीटीवर महाधमनीच्या गोल चकतीत एक बारीक तिरपी रेघ दिसते. सुटून आलेलं आतलं अस्तर ते हेच. ती रेघ व्हॉट्सॲपवर कोल्हापूरच्या सर्जनला पाठवता येते, आणि अँब्युलन्स साखरप्याला पोचेपर्यंत तिकडे थिएटर तयार होऊ शकतं.

आता स्कोअरच्या मर्यादा. गेराडाची पारख ०.७२ च्या आसपास आहे. अर्थ असा : एक दगावलेला आणि एक वाचलेला रुग्ण अशा जोड्या लावल्या, तर १०० पैकी सुमारे ७२ जोड्यांत स्कोअरने दगावलेल्याचा धोका जास्त सांगितलेला असतो. छापा-काट्याने ५० जोड्या बरोबर आल्या असत्या. कामाचा आहे, भविष्यवाणी नव्हे. शिवाय हे रुग्ण युरोपातले. आपल्या महाधमन्यांचे आजार थोडे वेगळे असू शकतात. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच महाधमनीच्या मधल्या भागाच्या अरुंदपणावर, 'मिडल एओर्टिक सिंड्रोम'वर, निबंध लिहिला होता. तरण्या वयातल्या रुग्णांत दिसणारा हा प्रकार. परदेशी स्कोअर वापरावा, पण आपल्या रुग्णांवर तो पडताळूनच.

आकड्याला हरवणारी एक गोष्ट सर्जन मंडळी आवर्जून सांगतात, आणि ती खरी आहे. अमेरिकेतले मायकल डीबेकी हे या ऑपरेशनचे आद्य सर्जन. पहिल्या डेक्रॉन नळ्या त्यांनी बायकोच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. ३१ डिसेंबर २००५ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचीच महाधमनी फाटली. ऑपरेशन नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. भूलतज्ज्ञ तयार नव्हते, रुग्णालयाची नैतिकता समिती बसली, पत्नीने आग्रह धरला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं. डीबेकी वाचले, कामावर परतले आणि जुलै २००८ मध्ये ९९ व्या वर्षी गेले. त्यांना अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले आणि खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला, हा भाग सांगायला बहुतेक जण विसरतात. या एका गोष्टीवरून प्रत्येक नव्वदीतल्या रुग्णाला टेबलावर घ्यावं असं निघत नाही. स्कोअर जास्त आला म्हणून ऑपरेशन नाकारावं असंही निघत नाही, कारण टाइप एमध्ये न करण्याचा धोका बहुधा त्याहून मोठा असतो.

तेव्हा "किती टक्के?" जरूर विचारा, पण सोबत आणखी दोन गोष्टी विचारा : कोणत्या अवयवाचं रक्त तुटलंय, आणि तिकडे टेबलावर किती वाजता घेणार आहेत? निघताना चिठ्ठीवर कळ सुरू झाल्याची वेळ, दोन्ही हातांचं बीपी आणि दिलेली औषधं, विशेषतः रक्त पातळ करणारी, लिहून घ्या. सीटीची सीडी अँब्युलन्समध्ये बसणाऱ्याच्या हातात द्या, मागून येणाऱ्या गाडीत नको.

पुढच्या लेखांकात टाइप बी, म्हणजे वर चढणारा भाग सोडून इतरत्र झालेलं डायसेक्शन. तिथे गुंतागुंत नसेल तर पहिला उपचार ऑपरेशन नसून औषधं हाच असतो.