अस्थिस्नायूंचे आकुंचन व एटीपी

वसईच्या पाचूबंदर वा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उतरणारी मासळी मृत्यूनंतर काही तासांत ताठरते. स्नायूंतील ऊर्जा संपत असताना हा ताठरपणा येतो कसा?

स्नायुतंतूतील प्रत्येक सार्कोमिअरमध्ये अ‍ॅक्टिनचे पातळ व मायोसिनचे जाड तंतुक एकमेकांत शिरलेले असतात. मज्जासंदेशामुळे मुक्त झालेले कॅल्शियम ट्रोपोनिनशी जोडले जाते, अ‍ॅक्टिनवरील झाकलेल्या जागा खुल्या होतात आणि मायोसिनची शीर्षे अ‍ॅक्टिनला धरून मध्याकडे ओढतात. तंतुक स्वतः आखूड होत नाहीत, ते केवळ सरकतात. ही उपपत्ती १९५४ मध्ये मांडली गेली. एटीपी आकुंचनासाठी लागते, एवढेच आपले विद्यार्थी लिहितात. वस्तुतः अ‍ॅक्टिनला धरलेले शीर्ष सुटण्यासाठीही एटीपीचा नवा रेणू लागतो. मृत्यूनंतर तो मिळेनासा होतो, शीर्षे अडकून पडतात आणि विकरे प्रथिनांचे विघटन करू लागेपर्यंत मासा ताठच राहतो.