इशारा मिळाला, तरी घर का सुटत नाही?

29 एप्रिल 1991 च्या रात्री बांगलादेशच्या चितगाव किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. सुमारे 1 लाख 38 हजार माणसे मृत्युमुखी पडली. धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता. मग लोक घराबाहेर का पडले नाहीत?

‘तकदीरवर हवाला ठेवून बसले’, असे उत्तर सहज दिले जाते. पण वाचलेल्यांनी सांगितलेली कारणे साधी होती. याआधी कितीदा तरी इशारा आला आणि वादळ आलेच नाही. निवारा दूर. गाय-बकरी हीच आयुष्याची कमाई, ती सोडायची कशी? घर मोकळे टाकले तर चोरी होईल.

मृतांमध्ये स्त्रिया आणि मुले जास्त होती. शोहर घरी नाही, मग त्याला विचारल्याशिवाय उंबरा कसा ओलांडायचा? निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी. पर्द्याची सोय नाही, वेगळे शौचालय नाही. त्या बायका हट्टाने थांबल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी वाटच कुणी करून ठेवली नव्हती.

पुढे ती वाट हळूहळू झाली. निवारे वाढले, स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, जनावरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले गेले. घरोघर जाऊन सांगणाऱ्या स्वयंसेवकांत स्त्रियाही आल्या. मे 2020 मध्ये अम्फान वादळापूर्वी तिथे 20 लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली.

राहिला प्रश्न तकदीरचा. शामकडे निघालेले हजरत उमर (रजि.) पुढे प्लेग असल्याचे कळताच सल्लामसलत करून मागे फिरले. हे तकदीरपासून पळणे नव्हे का, असे विचारले गेले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

आपल्या कोकणानेही जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ वादळ आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडचा पूर पाहिला. तेव्हा पावसाळ्याआधीच घरात बसून ठरवा : दादीला कोण उचलणार, कागदपत्रे कुठे ठेवायची, कुणाच्या घरी जायचे. आणि घरचा कर्ता आखातात किंवा मुंबईत असेल, तर त्याने आजच फोनवर सर्वांसमोर सांगून टाकावे : इशारा आला की माझी वाट पाहू नका, निघा.