कलेक्टर झालो असतो तर : काल्पनिक प्रश्नांविषयीचे गैरसमज

रामाकोन्यासारख्या, मध्य प्रदेशातील सौंसर तहसिलीत असूनही व्यवहाराने नागपुराशी बांधलेल्या गावातून जो विद्यार्थी परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशासाठी इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेस बसतो, त्याला पुष्कळदा धास्ती असते ती तोंडी परीक्षेच्या तिसऱ्या भागातील काल्पनिक प्रश्नांची. शिक्षणखात्याचा कारभार तुमच्या हाती आला तर काय बदलाल, असे विचारले जाताच, खात्याची माहिती नाही म्हणजे गुण गेलेच, असे तो धरून चालतो. वस्तुतः 11 ते 14 मिनिटांच्या त्या संपूर्ण तोंडी परीक्षेत बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या 4 गोष्टींनाच सारखे गुण असून, सुचवलेली योजना अमलात येईल काय, हे पाहण्याचा तेथे रकानाच नाही.

दुसरा समज असा की, ‘अमुक झाले असते तर’ ही वाक्यरचना मराठी माणसाला मुळातच परकी. हे मला मुळीच मान्य नाही. ‘फेब्रुवारीत गारपीट झाली नसती तर मृगबहाराची संत्री हाती लागली असती’ हे वाक्य येथला बागायतदार सहज बोलून जातो, आणि न घडलेल्याची कल्पना करून तिचा परिणाम सांगण्याचे सारे कसब त्यात आहे. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. मराठीत ‘नसती’ आणि ‘असती’ अशी एकाच घडणीची रूपे दोन्ही अंगांना येतात, म्हणून आपला विद्यार्थी ‘इफ आय वुड बी कलेक्टर, आय वुड बिल्ड अ लायब्ररी’ असे दोन्हीकडे ‘वुड’ घालून बोलतो. इंग्रजीला मात्र पहिल्या अंगात ‘इफ आय वेअर’ आणि केवळ दुसऱ्यात ‘वुड’ हवे असते. एवढी एक खोड मोडण्यासाठी आठवडाभर संत्रीबागेविषयीच इंग्रजीत बोलत राहावे; मात्र परीक्षेत प्रत्येक वाक्य ‘इफ’नेच सुरू करण्याची गरज नाही, कारण एकदा कल्पना मांडली की पुढे कारणे आणि उदाहरणे साध्या वर्तमानकाळातही शोभतात.

पाठ केलेली उत्तरे कामी येतात, हा समज सर्वांत घातक. ती ओळखण्यास परीक्षक सरावलेला असतो.

क्षणभर थांबणे हाही गुन्हा नव्हे. काय बोलावे यासाठी थांबणे वेगळे आणि शब्द सापडेना म्हणून अडखळणे वेगळे, हा भेद वरच्या श्रेणींच्या वर्णनातच केलेला आहे. प्रश्न कळला नाही, तर तो निराळ्या शब्दांत मांडण्याची विनंती तिसऱ्या भागात खुशाल करावी.