संशोधनासाठी लेक परदेशी निघते तेव्हा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी तुमच्यासारखीच एका बचत गटातली बाई. रायगड जिल्ह्यात समुद्राकाठी आमचं गाव आहे. जवळा, बोंबील सुकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे, हा आमच्या गटातल्या बहुतेकींचा धंदा.

माझी मधली लेक विद्यापीठात शिकते. एक दिवस ती म्हणाली, "आई, मला पाच महिने केनियाला जायचंय." मी विचारलं, "नोकरी लागली काय?" ती म्हणाली, "नाही गं, अभ्यासाला. तिथं तळ्याकाठच्या बाया मासे सुकवतात. त्यांच्यात राहून त्यांचं काम आणि त्यांचे गट बघायचेत." आमची शेजारीण म्हणाली, "मग इथंच बस की माझ्या ओटीवर! आफ्रिकेत कशाला?" आम्ही खूप हसलो. पण रात्री मला झोप लागली नाही.

आज आपल्या गावागावांतून मुली शिकायला बाहेर पडतायत. उद्या तुमच्याही घरात हा प्रश्न येईल. म्हणून आम्ही काय तयारी केली आणि कुठे चुकलो, ते सांगते.

आधी हे काम काय असतं ते समजून घेऊ. पुस्तकात वाचून कळत नाही ते माणसांत जाऊन, बघून, विचारून लिहायचं, याला क्षेत्रकार्य म्हणतात. माझी लेक जिथं गेली ते व्हिक्टोरिया सरोवर आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं तळं. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांत ते पसरलंय. आपल्याला समुद्रच वाटावा असं. त्यात ओमेना नावाचा बोटाएवढा चंदेरी मासा मिळतो. पुरुष रात्री दिवे लावून तो पकडतात आणि बाया सकाळी किनाऱ्यावर जाळी अंथरून उन्हात सुकवतात. ऐकून वाटलं, हे तर आपलंच चाललंय.

पहिला प्रश्न होता, जायचं कधी? लेकीच्या मनात मे महिना होता, कारण तेव्हा कॉलेजला सुट्टी. मी सहज विचारलं, "त्यांची मासेमारी बंद कधी असते गं?" आपल्याकडे जून-जुलैत होड्या किनाऱ्याला असतात, म्हणून डोक्यात आलं. तिनं चौकशी केली. केनियात ओमेनाची मासेमारी साधारण एप्रिल ते जुलै बंद ठेवतात. मार्च ते मे तिथं मोठा पाऊसही असतो. म्हणजे मे महिन्यात गेली असती तर सुकवणं बघायला काहीच नव्हतं. तिनं ऑगस्ट धरला. तेव्हा बायांनो, शिकलेल्या मुलीसमोर गप्प बसू नका. कामाचा हंगाम आपल्याला कळतो.

दुसरं काम कागदांचं. इथं आम्ही दोन महिने अडकलो. शाळेच्या दाखल्यावर आमचं आडनाव एका तऱ्हेनं लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं. इंग्रजीत एका अक्षराचा फरक. त्यापायी पासपोर्टचा अर्ज रखडला. आधी आधार दुरुस्त केलं, मग पुन्हा तारीख घेतली, मग पोलीस पडताळणी झाली. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, त्यामुळे गरज नसतानाही काढून ठेवला तर वाया जात नाही. आज घरी गेल्यावर एक काम करा. मुलीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आणि ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी लक्षात ठेवा, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. दुसरा कागद चालत नाही. बाळाची नोंद वेळेत करा.

परवानग्याही दोन प्रकारच्या असतात. एक त्या देशात शिरण्याची. केनियानं २०२४ च्या जानेवारीपासून जुनी व्हिसाची पद्धत बंद करून निघण्याआधी इंटरनेटवरून परवानगी घ्यायची पद्धत आणली. पण ती झाली पाहुण्याची परवानगी. संशोधन करायचं तर तिथल्या सरकारच्या विज्ञान आयोगाचा वेगळा परवाना लागतो. त्यासाठी तिथल्या एखाद्या संस्थेनं "ही आमच्याबरोबर काम करणार" असं पत्र द्यावं लागतं. तीन महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर त्याची सोय निराळी करावी लागते. हे सगळं व्हायला महिने जातात. विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा.

तिसरं, तब्येत. केनियाहून भारतात परत येताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला दाखवावा लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. हा ताप डासांमुळे होतो. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवलेल्या केंद्रातच मिळते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असेल, दिवस गेलेले असतील किंवा मोठा आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

सरोवराकाठी मलेरिया फार. त्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या जायच्या आधी सुरू करायच्या, तिथं चुकवायच्या नाहीत आणि परत आल्यावरही सांगितले तितके दिवस घ्यायच्या. शिवाय मच्छरदाणी. घरी आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर "मी आफ्रिकेतून आले" हे डॉक्टरांना आधी सांगायचं. आणखी एक गोष्ट मला नवीन होती. त्या तळ्याच्या उथळ पाण्यात गोगलगायींमार्फत पसरणारे जंत असतात, ते कातडीतून आत शिरतात. समुद्रात पाय बुडवायची सवय असलेल्या पोरीला हे चार वेळा बजावलं. पाळीच्या दिवसांचं सामान पाच महिन्यांचं हिशोबानं नेलं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता चौथी तयारी, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसांशी बोलायचं कसं?

लेकीनं प्रश्नांची यादी केली होती. मी म्हटलं, "आधी आमच्या गटात विचार." महिन्याच्या बैठकीत तिनं वही उघडली. पहिलाच प्रश्न, "तुमच्यावर कर्ज किती?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आमची अध्यक्षबाई म्हणाली, "पोरी, तुला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय, तरी मी खरं सांगायची नाही. आधी बस, मासे निवडायला लाग, मग विचार." दुसरी म्हणाली, "गेल्या साली सर्वेक्षणवाले आले. दोन तास बसवलं, फोटो काढले, घर आतून बघितलं. पुन्हा कोणी तोंड दाखवलं नाही. आमच्या सांगण्याचं काय झालं, देव जाणे."

त्या दिवशी लेकीनं यादी फाडून नवी केली. विद्यापीठातही एक समिती असते. संशोधनात कोणाला त्रास होणार नाही ना, हे ती तपासते. नियम असा की समोरच्या बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून सांगायचं. तिनं होकार दिला तरच विचारायचं. मध्येच "पुरे" म्हणाली तर थांबायचं. नाव लिहायचं नाही, फोटो न विचारता काढायचा नाही. मैत्रिणींनो, हा हक्क तुमचाही आहे. तुमच्या दारात कोणी वही घेऊन आलं तर विचारा, हे कशासाठी, कोण वाचणार आणि आम्हाला परत येऊन सांगणार का?

भाषेचीही तयारी केली. सरोवराकाठचे बरेच लोक लुओ भाषा बोलतात, म्हणून तिथलीच एक बाई दुभाषी म्हणून ठरवली. पण देशभर चालते ती स्वाहिली. ती लेक इथंच थोडी शिकली. स्वाहिलीत चहाला चायच म्हणतात, चपातीला चपाती, दुकानाला दुका. गंमत म्हणजे दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ! बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात, मामा अमका, म्हणजे अमक्याची आई. आणि गटाला म्हणतात चामा. दर वेळी सगळ्यांनी पैसे काढायचे आणि पाळीपाळीनं एकीला द्यायचे. ऐकल्यावर आमच्या बाया एका सुरात म्हणाल्या, "ही तर भिशी!"

सामानात मी एक चूक करणार होते. सुकी चटणी, मेतकूट, लाडू सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड, तुरुंग दोन्हीची तरतूद आहे. सगळं पुन्हा काढलं, डब्यांत आणि शिवलेल्या कापडी पिशव्यांत भरलं. बियाणं, ताजी फळं, भाजी देऊ नका. ती विमानतळावर काढून घेतात. विजेचं सॉकेट तिथं चौकोनी तीन पिनांचं, त्याची जोडणी इथूनच घ्यावी.

पैशाचं सांगते. विद्यापीठाचे पैसे मिळतात, पण बरेचदा खर्च आधी करायचा आणि पावत्या दाखवून नंतर घ्यायचे. मधल्या काळासाठी हाताशी रक्कम लागते. आम्ही गटातून कर्ज घेतलं आणि फेडलं. केनियात फोनवरून पैसे देण्याची पद्धत २००७ पासूनच आहे, तिला एम-पेसा म्हणतात. पेसा म्हणजे पैसाच. तरी थोडी रोकड दोन वेगळ्या जागी ठेवायला सांगितलं. विमा काढला. पासपोर्ट, तिकीट, विमा आणि नैरोबीतल्या भारतीय उच्चायोगाचा फोन, सगळ्याची एक प्रत माझ्या ट्रंकेत, एक तिच्या बॅगेत. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. बुधवार आणि रविवार, आपले रात्रीचे नऊ, ही फोनची वेळ ठरली. रोज फोनचा हट्ट धरला नाही. रेंज नसली की आईच्या जिवाला घोर लागतो.

शेवटची गोष्ट सांगायला जड जाते. निघायच्या आदल्या रात्री लेक म्हणाली, "आई, आजीला काही झालं तर माझ्यापासून लपवायचं नाही." मी हो म्हटलं. दोन महिन्यांनी सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. घरातले म्हणाले, पोरगी एकटी आहे, कशाला काळजी लावायची? मीही गप्प बसले. बुधवारी "सगळं ठीक" म्हणाले. शुक्रवारी तिला चुलत भावाच्या मोबाइलवरच्या फोटोतून कळलं. ती रडली ते आजीसाठी कमी आणि माझ्या खोटं बोलण्यानं जास्त. म्हणाली, "आता तू बरं आहे म्हणालीस तरी मला खरं कसं वाटायचं?" मी माफी मागितली. त्यानंतर दवाखान्यातलं बारीकसारीक सगळं सांगत गेले. सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या, तेव्हा फोनवर ते तिला दाखवलं.

म्हणून सांगते, हे बोलणं निघण्याआधीच करा. आजारपणात काय कळवायचं, तिनं परत यायचं कधी आणि नाही कधी, तिला तिथं भीती वाटली तर काम सोडून यायची मोकळीक आहे की नाही. "अर्ध्यावर आलीस तरी हे घर तुझंच आहे" हे वाक्य तिला तोंडानं सांगा. मनातलं आपोआप कळत नाही.

लेक जानेवारीत परत आली. तिथल्या बायांना काय सापडलं ते त्यांच्या चामाच्या बैठकीत दुभाषी बाईला घेऊन सांगूनच निघाली. मग आमच्या बैठकीत बसली, मासे निवडता निवडता पुन्हा सगळं सांगितलं. आमची अध्यक्षबाई म्हणाली, "वही घेऊन आलेलं माणूस परत आलेलं मी पहिल्यांदा बघितलं."

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर ते चार कागद काढा आणि नावं जुळवा.