पुसायचं तर फोन करायचा

पहाटे ४.३०

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. मोटर बघायला उठलो की आधी हात मोबाइलकडे जातो. निफाड-दिंडोरी भागातल्या द्राक्षवाल्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप, ८६० जणांचा. रात्रीतून १४० मेसेज आलेले. निम्मे पानांचे फोटो, तेलकट डागाभोवती बोट ठेवलेलं आणि खाली "दादा, डाऊनी आहे का बघा". नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. गोडी छाटणीला पंचवीसेक दिवस झालेत, घड बाहेर आलेत आणि आभाळही आलंय. या दिवसांत माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस कुणी सांगेल ते फवारतो.

रात्री पावणेबाराचा एक मेसेज वाचून ओट्यावरच बसलो. "जीए १ ग्रॅम, १० लिटर पाण्यात." जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक. त्याचा पहिला हात आम्ही १० पीपीएमचा देतो, म्हणजे १ ग्रॅमला १०० लिटर पाणी. एक शून्य राहून गेलेलं. दहापट जीए गेलं तर घड वेडेवाकडे होतात, देठ कडक होतो, नि वर्षाचा सगळा खर्च त्याच घडावर असतो. मेसेजखाली सात जणांचे अंगठे.

मी तो पुसला. पण जवळजवळ पाच तास तो तिथे होता. पुसणारा ॲडमिन मी एकटा, आणि मी झोपलेलो.

सकाळी ६.००

मेसेज टाकणाऱ्या पोराला फोन लावला. "दादा, डोळ्यांवर झोप होती," म्हणाला. दुरुस्त प्रमाण त्यानं स्वतःच्या नावानं पुन्हा टाकलं. मग अंगठेवाल्या सातही जणांना एकेक करून फोन केले. सहा जणांनी काही केलेलं नव्हतं. सातव्यानं पूड तोलून ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवली होती. २०० लिटरच्या टाकीला २ ग्रॅम लागते, त्यानं २० काढली होती. टाकीत ओतायची तेवढी राहिली होती, उजाडायची वाट बघत होता. बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "घरच्या सोन्यावर कर्ज काढलंय, दादा." माझाही हात थरथरत होता.

सकाळी ८.००

फेलफूट, म्हणजे बिनघडाची फूट, काढायला सात बायका आल्यात. दहापर्यंत मोबाइल खिशातच.

सकाळी १०.१५

खिशातून काढला तर ग्रुपवर वणवा. एकानं एका व्यापाऱ्याचा फोटो टाकून खाली "हा चोर आहे, दिसेल तिथे धरा" असं लिहिलेलं. मार्चमध्ये दिलेल्या मालाचे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्याचं दुखणं खरं आहे. माल उधारीवर घेऊन गायब होणारे व्यापारी या जिल्ह्यानं पुष्कळ पाहिलेत, आणि अशा वेळी शेजारच्या गावाला सावध करणारा आपला ग्रुपच असतो. नुसतं पुसून टाकलं तर सावध करणारा आवाजही जातो. ठेवलं तर उद्या चुकीच्या माणसाला रस्त्यात मार पडेल.

वीस मिनिटं बोललो फोटो टाकणाऱ्याशी. आधी माझ्यावरच चिडला. शेवटी फोटो आणि "चोर" शब्द काढून त्यानं वजनाच्या पावतीचा फोटो टाकला, तारीख, क्विंटल, ठरलेला भाव, बाकी रक्कम. तासाभरात तशाच आणखी दोन पावत्या आल्या. तिघांनी मिळून तक्रार द्यायचं ठरवलं.

असे दोन फोन झाले की सकाळ संपते. माझी बाग पाचच एकर आहे, तरी माझ्याच्यानं हे एकट्यानं होत नाही.

दुपारी १.३०

जेवताना बायको म्हणाली, "मग करा की चार माणसं ॲडमिन." केली होती. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं दवाखान्यात होतो तेव्हा घाईत अकरा जणांना केलं. पुढे गावात निवडणूक लागली आणि एका ॲडमिननं एका संध्याकाळी दुसऱ्या पॅनलची ४३ माणसं ग्रुपमधून काढली. द्राक्षाशी त्या भांडणाचा काही संबंध नव्हता. त्यातले नऊ जण आजही परत आलेले नाहीत. मी अकराही जणांचं पद काढलं, आणि ती दुसरी चूक झाली. एकाच्या रागापायी दहा कामाची माणसं घालवली.

अडचण अशी की व्हॉट्सॲपमध्ये अधिकार तोडून देता येत नाही. ॲडमिन केलं की मेसेज पुसायचं, माणूस काढायचं, ग्रुप सगळ्यांना बोलायला बंद करायचं, सगळं एकदम हातात जातं. तांब्याभर पाणी मागणाऱ्याला धरणाची चावी द्यावी तसं.

दुपारी ४.००

ॲडमिनचं ठरवायला चौघांना घरी बोलावलं होतं. पंचवीस वर्षं बाग जपणारे आबा, नवऱ्यामागे तीन एकर एकट्या सांभाळणाऱ्या आणि प्रत्येक फवारणी वहीत लिहिणाऱ्या ताई, दिंडोरीकडचे एक भाऊ, आणि आमचे कृषी सेवा केंद्रवाले. ग्रुपवर सर्वांत जास्त आणि बहुधा बरोबर उत्तरं या केंद्रवाल्यांचीच असतात.

भाऊंनी पहिलं विचारलं ते पोलिसांचं. "कुणी काही टाकलं तर आम्ही आत जायचं का?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलंय की आधीचं संगनमत नसेल तर सदस्याच्या मेसेजबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, असंही न्यायालयानं म्हटलंय. इतरांचा मेसेज पुसायची सोय व्हॉट्सॲपनं २०२२ मध्ये दिली. म्हणजे तेव्हापासून हात लांब झालाय, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

केंद्रवाले म्हणाले, "प्रमाणाचं ज्याचं त्यानं बघावं." आबा उसळले. "२०१० विसरलास? द्राक्षात सीसीसी या वाढरोधकाचे अंश निघाले म्हणून युरोपात माल अडकला. ज्यानं मारलं नव्हतं त्याचाही भाव पडला." त्यानंतर कुणी तो मुद्दा काढला नाही.

सर्वांत अवघड बोलणं केंद्रवाल्यांशीच झालं. त्यांना ॲडमिन करायचं नाही, असं मी सांगितलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" त्यांनी सरळ विचारलं. मी म्हणालो, विश्वास आहे, म्हणून तर तुमच्या उत्तरांवर बागा चालतात. पण तुमच्या दुकानात नसलेल्या औषधाचा मेसेज तुम्ही पुसलात, अगदी योग्य कारणानं पुसलात, तरी लोक काय म्हणतील? मग तुमचं खरं उत्तरही कुणी मानणार नाही. ते गप्प राहिले. चहा संपवून म्हणाले, "चुकीचं दिसलं तर तुम्हाला कळवीन. पुसा तुम्ही." मला त्यांचा फार आदर वाटला.

ठरलं ते असं. पाच ॲडमिन, पाच वेगळ्या गावांचे: आबा, ताई, भाऊ, मी आणि सुकेण्याचे एक दादा. पाण्याची पाळी असते तशी रात्रीची पाळी. पुसायचा अधिकार पाचांनाही, पण पुसलं की दहा मिनिटांत त्या माणसाला स्वतः फोन करायचा. ज्याला फोन करायची तयारी नाही त्यानं पुसायचं नाही. माणूस काढायचा तर पाचातल्या तिघांचा होकार आणि कारण ग्रुपवर लिहून. ग्रुप मी काढला म्हणून व्हॉट्सॲपमध्ये मला कुणी ॲडमिनपदावरून हटवू शकत नाही. ते मला बोचतं. म्हणून तिघांचा नियम आधी मला लागू, असं लिहायला लावलं. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाचांच्या सह्या घेतल्या. पाचवी सही सुकेण्याच्या दादांची, ती त्यांनी संध्याकाळी बांधावर येऊन केली.

रात्री १०.४०

पहिली पाळी ताईंची. मी झोपायला हवं होतं, झोपलो नाही. कुणीतरी एका बाटलीचा फोटो टाकला, "घड दुप्पट, खात्रीशीर". दोन मिनिटांत तो गेला, पुसणाऱ्याच्या जागी ताईंचं नाव. मी घड्याळ बघत राहिलो. बारा मिनिटांनी त्याच माणसाचा नवा मेसेज आला. बाटलीची मागची बाजू, लेबलवरचे घटक आणि प्रमाण वाचता येईल इतक्या जवळून काढलेली, आणि खाली, "हे वापरू का? जाणकारांनी सांगावं."