धांड्याची गाडी आणि पहिलं गणित

पाच वर्षांचं मूल शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतं. पण ताटातल्या सात शेंगा मोजायला सांगितल्या, की एखादी शेंग दोनदा मोजतं, एखादी सोडून देतं. यात मुलाचा दोष नाही. आकडे म्हणणं हे पाठांतर आहे. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, ही गोष्ट वस्तू हाताळल्याशिवाय उमगत नाही.

आपल्या खान्देशात त्यासाठी दुकानात जायला नको. ज्वारीचा धांडा सोलायचा, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्या काड्या टोचून बैलगाडी जोडायची, हा खेळ जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. या गाडीत काय काय दडलंय ते पाहा. दोन्ही चाकं सारखी हवीत, म्हणजे तुलना आली. ती एकाच आसाला घट्ट बसवली आणि त्यातलं एक लहान निघालं, तर गाडी त्या बाजूला वळते. बैल दोन, प्रत्येकाचे पाय चार, मग काड्या किती लागतील? पाढे यायच्या आधीच गुणाकाराची ओळख होते.

आता भेंडाचे चार तुकडे आणि चार सारख्या काड्या घेऊन चौकोन करा. कोपऱ्याला बोट लावलं की तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. कारण तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. चौकोनात बाजू त्याच राहून कोन बदलू शकतात. चौकोनात एक तिरकी काडी घातली, की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत आणि शेतातल्या विजेच्या मनोऱ्यात तिरक्या पट्ट्या का असतात, हे मुलाला मग वेगळं सांगावं लागत नाही.

पाण्याचंही तसंच. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत. पुढे थोर अभियंते म्हणून नावाजलेले विश्वेश्वरय्या 1884 मध्ये नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक पांझरेच्याच पाटावरच्या नळाच्या वक्रनलिकेचं होतं. अंगणात मुलांना माती-दगडांचा बांध घालू द्या. तो फुटला की विचारा, कुठून फुटला? पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त, म्हणून बांध खाली रुंद लागतो. प्लॅस्टिकच्या बाटलीला वर-खाली छिद्रं पाडून पाणी भरा. सर्वांत खालची धार सर्वांत जोराची दिसेल.

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं. महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू त्यांनी शिकवायला वापरल्या. अरविंद गुप्ता पुण्याच्या कारखान्यातली नोकरी करत असताना 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञानशिक्षणाच्या कामाला गेले. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या करून दाखवल्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

तरीही वही भरलेली दिसली की आपल्याला समाधान वाटतं आणि मातीने भरलेले हात दिसले की राग येतो. इथेच नुकसान होतं. ज्या मुलाने कमी-जास्त, लांब-आखूड, अर्धं-पाव हाताने अनुभवलेलं नाही, त्याला बेरीज-वजाबाकी म्हणजे कागदावरच्या नुसत्या खुणा वाटतात. तिथून गणिताची भीती बसायला वेळ लागत नाही.

मोठ्यांनी करायचं ते थोडंच. सालीच्या कडा धारदार असतात, तेव्हा सोलण्याचं काम आपण करावं. तीन वर्षांखालच्या मुलांना तोंडात जातील असे बारीक तुकडे देऊ नयेत. पाण्याच्या खेळाजवळ आपण बसावं. मुलाचा मनोरा पडला तर लगेच उभा करून देऊ नका. ‘का पडला असेल? आता काय करून पाहशील?’ एवढंच विचारा, अहिराणीत विचारलंत तर आणखी बरं. आणि उत्तरासाठी थोडा वेळ थांबा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)